बाहेरची हजेरी

काका,

कंपनीची याचिका आज सकाळी बिलासपूरला हायकोर्टात फेटाळली गेली. पहिली बातमी माझ्या ज्युनिअरनं दिली, सव्वाअकराच्या सुमारास, कोर्टाच्या व्हरांड्यातून. "दीदी, खारिज हो गई," एवढं बोलून तो पुढचं प्रकरण पुकारलं म्हणून आत पळाला. कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पक्षकाराला फोन करायचा नाही हा तुमचा नियम. तो मी पाळला. सव्वातीन तास पाळला, आणि तेवढ्या वेळात कपाटातल्या फायली विनाकारण खालीवर केल्या. अडीच वाजता आदेश वेबसाइटवर आला. सात पानं. आधी शेवटचं पान वाचलं, मग पहिल्यापासून सगळं, मग पुन्हा शेवटचं. कामगार न्यायालयाचा निवाडा कायम, सगळ्या बायांना कामावर परत घ्यायचं, स्थगिती नाही. मग मी बीरगांवला फोन लावला.

ज्या बाईनं फोन उचलला ती या बायांची पुढारी. पोत्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर होती, म्हणून आमच्या ऑफिसात तिला सगळे शिलाईवाली दीदीच म्हणतात. मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या आणि कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत राहिला. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती, पुढचं ठरवत होती. "सोमवार के कतका बजे जाना हे, दीदी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, साडेसातला, पहिल्या पाळीला, नेहमीच्याच वेळी. "हव," म्हणाली आणि फोन ठेवला.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे हे प्रकरण तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पहिल्यापासून सांगते. लांबण लावत नाही, तुम्हाला ते कधी आवडलं नाही. रायपूरबाहेर, बीरगांवच्या पलीकडे एका कारखान्यात प्लास्टिकची विणलेली पोती तयार होतात, राइस मिलवाल्यांना लागतात तशी. बाया पोत्यांची बुडं शिवतात, सुटलेले धागे कापतात, पोती उलटवून गठ्ठे बांधतात. कुणाकडे नेमणुकीचा कागद नव्हता. शिलाईवालीनं स्वतःसकट तेवीस जणींना जमवून युनियन केली आणि दोन मागण्या लिहून दिल्या: आम्ही इथे काम करतो असा कागद द्या, आणि संडासाच्या दाराला कडी लावा. बारा दिवसांनी सकाळी गार्डच्या हातात एक यादी होती. यादीतल्या तेवीस जणींना आत सोडलं नाही. काढल्याचा कागदही दिला नाही. कंपनीनं पुढे सगळीकडे एकच सांगितलं, आम्ही कुणाला काढलेलं नाही, या बायांनीच यायचं सोडलं. तुम्ही हे वाक्य आयुष्यभर ऐकलंत. अजून तेच आहे, काका. कायद्यांची पुस्तकं बदलली, तुमच्या कपाटातल्या कलमांना नवी नावं मिळाली, ते वाक्य मात्र तसंच आहे.

त्या सगळ्या जणी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मी काही विचार न करता टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढली आणि तुमचंच वाक्य हिंदीत करून सांगितलं. तुम्ही ते पहिल्यांदा मला कधी सांगितलंत हे अजून आठवतं. मी चोवीस वर्षांची, काळा कोट नवा, आणि तुम्ही उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या गेटसमोर कामगारांच्या रांगेत उभे आहात. मला वाटलं होतं वकील कोर्टात असतो. तुम्ही एकेकाची सही वहीवर घेता आहात, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा, खाली तारीख, वेळ, गार्डचं वर्णन. मी विचारलं, यांची नोकरी तर गेली, मग हे कशाला. तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणालात, "नोकरी गेली म्हनून हजेरी कायले चुकवायची? आत घेत नाही, तं बाहेर लावायची." रोज पाळीच्या वेळेला जायचं, अर्धा तास उभं राहायचं, सह्या करायच्या, आणि दर आठवड्याला व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पत्र टाकायचं की आम्ही आलो होतो, तुम्ही आत घेतलं नाही. ज्याच्याकडे वही आहे त्यानं काम सोडलं असं कुणाला म्हणता येत नाही. तुम्ही याला बाहेरची हजेरी म्हणायचे. वहीत एकही दिवस रिकामा राहता कामा नये, आणि राहिलाच तर त्याचं कारण त्याच दिवशी त्याच वहीत लिहायचं आणि पत्रानं कळवायचं. हा नियमाचा दुसरा भाग. तो मी विसरले होते, त्याचीच ही सगळी गोष्ट आहे.

तुमचं ऑफिस म्हणजे घरातली पुढची खोली, आणि तिचं मागचं दार थेट काकूंच्या स्वयंपाकघरात उघडायचं. मी नवीन असताना मला वाटायचं जागा कमी आहे म्हणून तुम्ही साक्षीदारांना आत नेता. मग लक्षात आलं की पुढच्या खोलीत तुम्ही कुणालाच काही महत्त्वाचं विचारत नाही. तिथे फक्त सह्या आणि तारखा. ज्याला उद्या पिंजऱ्यात उभं राहायचं त्याला तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसवायचे आणि काकू त्याच्यापुढे भाजीची जुडी टाकायच्या. लाल भाजी, चेच भाजी, थंडीत मटाराच्या शेंगा. मोठमोठे फिटर, वेल्डर, मान खाली घालून भाजी निवडताहेत, काकू मध्येच ओरडताहेत, "अरे दादा, डंठल नको टाकू त्याच्यात, मी काय गाय पोसली हाय का?" आणि तुम्ही स्टुलावर बसून, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, त्या दिवशी काय झालं ते विचारता आहात. हात गुंतलेला असला की माणूस पाठ केलेलं बोलत नाही. हे तुम्ही मला शब्दांत कधी सांगितलं नाहीत, मी ते भाजीच्या ढिगाकडे बघून शिकले.

शिकले असं तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्याच वर्षी तुम्ही तापानं पडला होतात आणि एका राइस मिलच्या बॉयलरवाल्याची साक्ष माझ्यावर आली. कामावर झोपला म्हणून त्याला काढलं होतं आणि तो झोपला नव्हता. मी त्याला पुढच्या खोलीत, खुर्चीवर, समोर बसवलं आणि सात उत्तरं पाठ करून घेतली. क्रमानं. दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी तिसरा प्रश्न पहिला विचारला आणि बॉयलरवाल्यानं पहिलं उत्तर दिलं. मग घाबरून दुसरंही देऊन टाकलं, कुणी न विचारताच. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ती केस आपण हरलो. तुम्ही अंगात ताप असताना स्कूटरवरून आला होतात, मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं होतं. परतताना मी तुमच्या मागे बसले होते. काकूंनी ताटं वाढली. तुम्ही भात कालवला आणि मग म्हणालात, "खोटं नाही शिकवलं तू त्याले. खरंच शिकवलं. पन तुयं खरं शिकवलं. त्याचं कुठी गेलं?"

मी ताट बाजूला सारलं. काकू म्हणाल्या, जेवू द्या तिला, नागपूरकडच्या पोरी अशाच हळव्या असतात. मी रायपूरचीच, इथेच जन्मले, पण आमचे बाबा रेल्वेत बदली होऊन आलेले आणि तुमचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं, म्हणून तुमच्या घरात मी शेवटपर्यंत पाहुणीच. तुम्ही नुसते हसलात. पुढे तो बॉयलरवाला पंडरीत कापडाच्या दुकानांच्या गल्लीत चहाची टपरी लावून बसला, आणि तुम्ही कोर्टातून येताना वाट वाकडी करून मला तिथे चहाला न्यायचे. कधी त्याविषयी बोलला नाहीत. चहा प्यायचे, त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी करायचे, निघायचे. मला वाटायचं ही माझी शिक्षा आहे. आता वाटतं तुम्हाला फक्त त्याचा चहा आवडत असावा.

या केसकडे परत येते. पहिले अडीच महिने वही उत्तम चालली. रोज सकाळी साडेसात ते आठ, तेवीस सह्या आणि अंगठे. मग मे महिना लागला. बीरगांवच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती आणि डांबर, झाड औषधालाही नाही. मेच्या शेवटी नौतपा, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी, धागे कापणारी, जिला त्या डोकरी दाई म्हणायच्या, ती गेटसमोर चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं, ती सावरली. त्याच दुपारी शिलाईवाली माझ्याकडे आली. टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही, आणि म्हणाली, "दीदी, नौतपा भर छुट्टी दे दे." कारखान्यात साहेबापुढे उभी राहायची तशीच उभी होती. मला हसू आलं. ज्या कामावर तिला घेत नव्हते त्याची सुट्टी ती मागत होती, आणि माझ्याकडे. मी म्हटलं, दिली. नऊ दिवस कुणी यायचं नाही, घरात राहा, कांदा खा, पाणी प्या.

पत्र त्या संध्याकाळी लिहायचं ठरवलं. मग त्या संध्याकाळी नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका प्रकरणाची मुदत संपत होती, त्यात गेले. तिसऱ्या दिवशी विसरले. आयुष्यभर मुदती सांभाळणारी मी, काका, एक चार ओळींचं पत्र विसरले. आणि त्या नऊ दिवसांत कंपनीनं गेटवर नोटीस चिकटवली. सगळ्या तेवीस जणींची नावं, सात दिवसांत कामावर हजर व्हा, नाहीतर तुम्ही काम सोडलं असं समजलं जाईल. फोटो काढले, तारखेसकट. गेटसमोर कुणी येत नाही हे गार्डनं आत सांगितलं असणार, त्याचंही काम तेच. दहाव्या दिवशी बाया गेल्या तेव्हा नोटिशीचं एक टोक उन्हानं सुटून फडफडत होतं आणि मुदत संपून दोन दिवस झाले होते. शिलाईवालीनं तो कागद सोलून पदरात घालून माझ्याकडे आणला. मी त्याच तासाला उत्तर पाठवलं की सगळ्या जणी तयार आहेत, आत्ता घ्या. उत्तर आलं की जागा भरल्या.

पुढची आठ वर्षं ते नऊ रिकामे दिवस माझ्याबरोबर राहिले. बाया पोटासाठी मिळेल ते करत होत्या. कुणी पंडरीत कापडाच्या दुकानात झाडू मारायला, कुणी घरकामाला, एक जण लेकाबरोबर अभनपूरला गेली आणि तिथून तारखांना यायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मात्र गेटवर सगळ्या. मी ती वही उघडली की पानं आपोआप तिथेच यायची, चोवीस मेची पूर्ण यादी आणि खाली एकदम तीन जूनची. मध्ये काही नाही. कंपनीच्या लेखी उत्तरात बाकी काही नव्हतं, फक्त ते पान आणि तो फोटो. बोलावलं, आल्या नाहीत. मला कळत होतं की केस इथेच जाणार, आणि गेली तर त्यांच्यामुळे नाही जाणार.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी शिलाईवालीला ऑफिसात बोलावलं. माझ्या ऑफिसाला स्वयंपाकघर नाही. असतं तरी तेव्हा मी तिला तिथे नेलं नसतं. समोर खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की नौतप्याचं विचारतीलच, तेव्हा म्हणायचं, डोकरी दाई पडली, आम्ही घाबरलो, आम्हीच आपसात ठरवलं. माझं नाव मध्ये आणायचं नाही. तिनं विचारलं, काबर? मी म्हटलं, केस कमजोर होईल. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की बाररूममध्ये सगळे माझ्यावर हसले असते, आणि समोरचा वकील माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होता. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. पोत्याचा टाका सरळ पडला की नाही हे बघावं तसं. मग वही पिशवीत घालून निघून गेली.

कोर्टात ती शांत उभी होती. समोरच्या वकिलानं सावकाश सुरुवात केली. आप पढ़ी-लिखी हैं, आठवीं तक, सही है, युनियन आपने बनाई, सही है. मग त्यानं वही तिच्यापुढे उघडी धरली. नौ दिन आप लोग गेट पर नहीं थे. सही है, ती म्हणाली. नोटीस लगा था, आपने नहीं पढ़ा. "रहितेन त पढ़तेन," ती म्हणाली, असतो तर वाचलं असतं. मागे कुणीतरी हसलं. वकील म्हणाला, यानी आप लोग काम छोड़ चुकी थीं. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत बघत होते. मला तिचे डोळे दिसले नाहीत, पण ती माझ्याकडे बघते आहे हे कळलं, जसं तुम्ही मागच्या बाकावर असताना कळायचं.

"छुट्टी मा रहेन," ती म्हणाली.

वकील हसला. छुट्टी? छुट्टी किसने दी? तिनं हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. "ए दीदी ह दिस. हमर वकील."

सगळी खोली हसली. कारकूनही. माझे कान तापले, मी उठून काही बोलणार होते, काय बोलणार होते ते आता आठवत नाही. न्यायाधीश हसले नाहीत. ते तिला म्हणाले, तुम्हाला कंपनीनं काढलं होतं, तर वकिलाकडे कसली सुट्टी मागितली? तिला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. हातातला पदर सोडून ती त्यांच्याकडे वळली.

"काम छोड़ दे रहितेन त छुट्टी काबर माँगतेन, साहब?"

काम सोडलं असतं, तर सुट्टी कशाला मागितली असती. न्यायाधीश स्टेनोला म्हणाले, हे तिच्याच शब्दांत घ्या, हिंदी करू नका. त्यानंतर समोरच्या वकिलानं आणखी अर्धा तास प्रश्न विचारले, पण तो त्या वाक्याच्या पलीकडे गेलाच नाही. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तिनं मला विचारलं, गुस्सा हस का, दीदी? मी फायलीची नाडी बांधत राहिले. तीच म्हणाली, "मोला दू ठन बात याद नइ रहय. जउन होए रहिस, तउने ला कहि देंव." दोन-दोन गोष्टी तिच्या लक्षात राहत नाहीत. जे झालं होतं, तेच तिनं सांगून टाकलं. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. एवढंच म्हटलं. क्षमा मागायची राहिली, ती अजून राहिलेलीच आहे.

दोन वर्षांनी निवाडा लागला, बाजूनं. कंपनी हायकोर्टात गेली. डोकरी दाई मधल्या काळात वारली, निवाडा ऐकून, आदेश न ऐकता. शेवटच्या दिवसांत ती सुनेला म्हणायची म्हणे, माझी हजेरी लावून टाका. आणि आज आदेशाच्या चौथ्या पानावर शिलाईवालीचं ते वाक्य आहे, इंग्रजी परिच्छेदाच्या मधोमध, तिच्या बोलीत, खाली अर्थ दिलेला. पाचव्या पानावर माझ्याविषयीही एक वाक्य आहे, नाव न घेता. कामगारांच्या सल्लागारानं ही गैरहजेरी लेखी कळवायला हवी होती, असं. ते वाचून मला राग येईल असं वाटलं होतं. उलट एकदम मोकळं वाटलं. खुर्चीत मागे टेकले, चष्मा काढला. आठ वर्षं जे एकटी वागवत होते ते आता कागदावर आलं, बाकीच्या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या शेजारी, त्यांच्याहून मोठं नाही. तुम्ही असता तर पाचवं पान दोनदा वाचलं असतं आणि म्हणाला असता, बरोबर लिहिलं हाय त्यानं.

संध्याकाळी कंपनीच्या वकिलाचा फोन आला. आवाज मोकळा होता, त्यालाही संपल्याचं बरं वाटत असावं. म्हणाला, मैडम, ऊपर जाने का अभी कोई विचार नहीं है, सोमवार को भेज दीजिए, गेट पर नाम रहेंगे. मी म्हटलं, लेखी पाठवा. तो हसला आणि म्हणाला, आप नहीं सुधरेंगी. रात्रीच्या जेवणापर्यंत मेल आलेली नाही, पण येईल असं वाटतं. प्रमाणित प्रत उद्या बिलासपूरहून निघेल, ज्युनिअर स्वतः घेऊन येणार आहे. सोमवारी साडेसातला बावीस जणी गेटवर असतील. अभनपूरची रविवारीच तिच्या बहिणीकडे येऊन राहणार आहे. यादीत नावं असली तर आत जातील. नसली तर वहीत अजून अकरा पानं कोरी आहेत, आणि आता त्या वहीला हायकोर्टाचा आदेश जोडलेला आहे, त्यामुळे फार पानं लागू नयेत.

पोचपावतीशिवाय कुठलाही कागद पाठवायचा नाही असं तुम्ही म्हणायचे. हा कागद पाठवायला पत्ताच नाही, म्हणून तो वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मी स्वतंत्र ऑफिस थाटलं तेव्हा, तुम्ही जायच्या चार महिने आधी, तुम्ही मला तुमची ती मोठी काळी छत्री दिली होतीत, वाकड्या लाकडी मुठीची. म्हणाला होतात, "कोट तं सगळ्याइकडे असते. गेटवर हे लागते." तुम्ही आठवड्यातून एकदा तरी गेटवर जाऊन उभे राहायचे, उन्हात ती उघडून, एकट्यासाठी नाही, खाली चार माणसं मावायची. माझी मुलगी तिला टेंट म्हणते, मम्मी, ये छाता नहीं, पूरा टेंट है. सतरा वर्षं ती माझ्या ऑफिसच्या दारामागे टांगलेली आहे. आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, माझ्या सरांची आहे. त्या मे महिन्यात मी एकदाही गेटवर गेले नव्हते. बायांना मी नऊ दिवसांची सुट्टी दिली, स्वतः मार्चपासून न विचारता घेतली होती. एक दिवस जरी गेले असते तरी ती नोटीस मीच वाचली असती.

आज तिच्यावरची धूळ झटकली. दोन काड्या गंजल्यात, पण उघडते. सोमवारी साडेसातला नेणार आहे. काका, माझ्या हातून ती पहिल्यांदाच गेटवर जाईल.